हिरव्या दिव्याला चाक दिसत नाही

६ मे २०२१. करोनाची दुसरी लाट ऐन भरात होती. बागडोगऱ्याहून एका रुग्णाला मुंबईला नेणारं छोटं विमान इंधन भरायला नागपुरात थांबलं होतं. बीचक्राफ्ट कंपनीचं किंग एअर सी-९०, दोन पंख्यांचं, एअर अॅम्ब्युलन्स म्हणून चालवलं जाणारं. नागपूरहून ते उडालं आणि उडतानाच त्याचं एक चाक निखळून खाली पडलं. पहाऱ्यावरच्या सीआयएसएफच्या एका जवानाने ते पाहिलं आणि लगेच कळवलं. कॅप्टन केसरी सिंग यांनी विमान मुंबईला नेलं. रात्री नऊच्या सुमाराला, फेस पसरलेल्या धावपट्टीवर, चाकं बाहेर न काढता त्यांनी ते पोटावर उतरवलं. आतले पाचही जण सुखरूप बाहेर आले.

हुपरीतल्या एका पैंजणाच्या कारखान्यात हा प्रसंग दिवाळी-यात्रेला हमखास उकरून काढला जातो. कारखानदारांची भाची विमान देखभालीचं शिक्षण घेऊन आता हँगरमध्ये काम करते. सुट्टीला आली की मामांच्या गादीवर बसून चहा होतो आणि चहाबरोबर वाद. मामांचं सगळं आयुष्य चांदीच्या आटणीत आणि झाळकामात गेलेलं. विमानाचा अनुभव विचाराल तर एप्रिल २०१८ मध्ये एअर डेक्कनने कोल्हापूर-मुंबई सेवा सुरू केली, तेव्हा त्या अठरा आसनी बीचक्राफ्टमधून केलेली खेप. उजळाईवाडीचा विमानतळ राजाराम महाराजांनी १९३९ मध्ये बांधला, हे ते प्रत्येक पाहुण्याला सांगतात. त्या छोट्या विमानात बसल्यावर छातीत कसं धडधडलं, ते मात्र फक्त भाचीला.

मामांची तक्रार सरळ आहे. "कॅप्टन लई भारी, मान्य. पण चाक पडलंच कसं, ते सांग की आधी. बातमीत चाक एका ओळीत आणि सत्कार दहा ओळीत. आमच्याकडं पैंजण तुटून परत आलं तर गिऱ्हाईकानं ते किती शिताफीनं उचललं म्हणून आम्ही त्याला नारळ देत न्हाई. जोड कुणी केला, ते बघतो. पैंजण मधी कधी तुटत न्हाई. तुटतंय ते जोडात."

"तपास होतो मामा. विमान अपघात तपास विभाग त्यासाठीच आहे," भाची म्हणते. "पण तुम्ही एक लक्षात घ्या. विमानात बिघडण्यासारख्या ज्या काही गोष्टी आहेत, त्यात चाकाचा बिघाड हा सगळ्यांत सोसण्यासारखा. इंजिन बंद पडलं तर हातात मिनिटं असतात. चाकाचं कळलं तर तास असतात. इंधन जाळायला वेळ मिळतो, लांब धावपट्टी निवडता येते, खाली बंब उभे करता येतात."

तिच्या बाजूने उदाहरण भक्कम आहे. १३ मे २०२४ रोजी ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसलहून त्याच किंग एअर घराण्यातलं एक विमान दोन प्रवासी घेऊन उडालं. थोड्याच वेळात चाकांची यंत्रणा बिघडल्याचं वैमानिकाच्या ध्यानात आलं. पीटर शॉट हे त्यांचं नाव. तीन तासांहून जास्त वेळ त्यांनी विमान विमानतळाच्या आसपास फिरवत ठेवलं, इंधन जाळलं आणि मग पोटावर उतरवलं. चित्रफीत पाहिली तर वाटतं, एवढंच? थोडं घासलं, थोडा धूर निघाला, दार उघडलं आणि माणसं चालत बाहेर आली.

चाकं अजिबात नसणं हे एक चाक नसण्यापेक्षा बरं, हे मामांना पटायला वेळ लागला. किंग एअर सी-९० च्या दोन्ही मुख्य पायांना एकेकच चाक असतं. ते गेलं की उरतो नुसता खांब. एका बाजूला चाक आणि दुसऱ्या बाजूला खांब अशा अवस्थेत टेकलं, तर खांब रुततो, पंख खाली घासतो आणि विमान गरकन फिरून धावपट्टीबाहेर जातं. तिन्ही पाय आतच ठेवले तर ते सपाट घसरत सरळ जातं. म्हणून मुंबईत जे धाडस वाटलं, तो खरं तर हिशेब होता. पंख्याची पाती वाकतात, इंजिनं उघडून तपासावी लागतात, पोटाचा पत्रा जातो. माणसं राहतात. (धावपट्टीवर फेस पसरायची पद्धत जगात आता फारशी उरलेली नाही. बंबात फेस शिल्लक ठेवलेला बरा, असं अग्निशमनवाले म्हणतात. मामांना मात्र त्या रात्रीचा फेस फार आवडतो.)

"आणि दोन चाकं असती तर?" मामा विचारतात.

"तर कांडल्यासारखं झालं असतं." १२ सप्टेंबर २०२५ ला स्पाइसजेटचं क्यू-४०० कांडल्याहून मुंबईला निघालं. उडताना मनोऱ्यातल्या नियंत्रकाला त्यातून काहीतरी काळं पडताना दिसलं. गाडी पाठवून पाहिलं तर चाक. क्यू-४०० च्या प्रत्येक मुख्य पायाला दोन चाकं असतात. बाहेरचं गेलं, आतलं राहिलं. पंचाहत्तर प्रवासी मुंबईत चाकांवरच उतरले आणि विमान आपल्या पायांनी फलाटापर्यंत गेलं.

मामा इथे गप्प बसत नाहीत. त्यांना यात वेगळंच दिसतं. "म्हणजे दोन्ही वेळेला आतल्याला कळलंच न्हाई की चाक गेलंय. खालच्यानं बघितलं म्हणून. तुमच्या त्या कॉकपिटात एवढी बटनं, एवढे दिवे. मग त्या दिव्यांचा उपयोग काय?"

या प्रश्नावर भाचीला उत्तर द्यायला थोडं थांबावं लागलं, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते अख्ख्या वादातला हाच खरा प्रश्न आहे. चाकं आत घेणाऱ्या विमानात वैमानिकासमोर तीन हिरवे दिवे असतात. पुढच्या पायाचा एक, मागच्या दोन पायांचे दोन. पाय पूर्ण खाली येऊन कुलूपबंद झाला की तिथला एक छोटा स्विच दाबला जातो आणि दिवा लागतो. वैमानिक मोठ्याने म्हणतो, 'थ्री ग्रीन'. दिवा एवढंच सांगतो की पाय जागेवर बसला. पायाच्या टोकाला चाक आहे की नाही, हे त्याला ठाऊक नसतं, कारण तिथे तो स्विच नसतोच. चाक गमावलेला पाय व्यवस्थित खाली आला, तर दिवा बेधडक हिरवा लागेल.

उलटही होतं. दिवा लागत नाही आणि पाय मात्र ठीक असतो. पाईपर अॅरो या छोट्या विमानात तर गंमत आहे. रात्रीच्या उड्डाणासाठी दिव्यांचं एक बटण चालू केलं की चाकांचे हिरवे दिवेही मंद होतात, डोळ्यांवर येऊ नयेत म्हणून. तेच बटण दिवसा चुकून चालू राहिलं तर उन्हात ते दिवे लागलेले दिसतच नाहीत. किती वैमानिक यापायी घामाघूम होऊन घिरट्या घालत राहिले असतील, देव जाणे. म्हणून पहिला उपाय साधा: बल्ब बदलून पाहा. बऱ्याच विमानांत तिन्ही बल्ब एकसारखे असतात, शेजारचा चालू बल्ब काढून इथे लावता येतो.

याच बल्बपायी २९ डिसेंबर १९७२ च्या रात्री मायामीजवळ ईस्टर्न एअरलाइन्सचं ४०१ हे विमान दलदलीत कोसळलं. पुढच्या चाकाचा दिवा लागत नव्हता. कॉकपिटमधले सगळे त्या बल्बमागे लागले आणि ऑटोपायलट हळूहळू उंची सोडतोय, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. शंभराच्या घरात माणसं गेली. पुढचं चाक व्यवस्थित खाली होतं. बल्ब जळलेला होता. २८ डिसेंबर १९७८ ला पोर्टलंडजवळ युनायटेडचं १७३ चाकाची शंका घेऊन तासभर घिरट्या घालत राहिलं आणि इंधन संपून खाली आलं, दहा माणसं गेली. त्यानंतर कॉकपिटमध्ये कुणी कुणाला कधी आणि कसं टोकायचं, याचं रीतसर प्रशिक्षण सुरू झालं.

"बघा," भाची जोरात येते, "चाकाने कुणाला मारलं? चाकाच्या काळजीने मारलं. विमान मोठं असो वा छोटं, चाकाचा बिघाड वैमानिकाचं लक्ष खातो. माझा मुद्दा हाच आहे. आधी विमान उडवत राहायचं, मग चाकाकडे बघायचं. हे ज्याला जमलं तो वाचला."

"आणि ज्याला चाक आठवलंच न्हाई तो?"

हा टोलाही बसण्यासारखा. २२ मे २०२० ला कराचीत पीआयएचं विमान चाकं न उघडताच धावपट्टीवर टेकलं. इंजिनं घासली, विमान पुन्हा उचललं आणि दोन्ही इंजिनं बंद पडून वस्तीवर कोसळलं. विमानातल्या ९९ पैकी दोघेच वाचले. छोट्या विमानांत चाकं उघडायला विसरणं तर इतकं नेहमीचं की वैमानिकांत त्यावर विनोद चालतात. उतरण्यासाठी इंजिनाची शक्ती कमी केली आणि चाकं वरच असली की भोंगा वाजतो, तरी माणसं विसरतात. भोंगा कशाचा वाजतोय, याचाच विचार करत उतरतात.

पाईपर कंपनीने यावर तोडगा काढला होता. अॅरोमध्ये वेग एका मर्यादेखाली गेला की चाकं आपोआप बाहेर येत. पण इंजिन बंद पडल्यावर तरंगत लांबवर जायचं असताना नको तेव्हा चाकं बाहेर आली, की वाऱ्याचा अडथळा वाढून विमान लवकर खाली येणार. बऱ्याच मालकांनी पुढे ती सोय बंदच करून टाकली.

मामांना ही गोष्ट मनापासून आवडली, कारण त्यांचा मूळ सिद्धांत तिने शाबीत होतो. "दुमडायचंच कशाला? जे हलतंय ते झिजतंय. सेस्नाचं चाक बघ, खाली ते खालीच. विसरायचा प्रश्न न्हाई, दिव्याचा न्हाई, भोंग्याचा न्हाई. पोरांना शिकवायला तीच वापरताय न्हवं?"

"वापरतो. आपल्या गोंदियाच्या वैमानिक प्रशिक्षण संस्थेत डायमंडची दोन्ही तऱ्हेची विमानं आहेत. डीए-४० चे पाय कायम बाहेर, डीए-४२ चे आत जाणारे. पण मामा, किंग एअर ताशी चारशे किलोमीटरच्या पुढे जातं. त्या वेगाला बाहेर लोंबणारा पाय म्हणजे नुसता अडथळा. पेशंट घेऊन बागडोगऱ्याहून मुंबईला जायचंय, तिथे वेग लागतो."

"सगळ्यांनाच लागतो का?"

भाचीने प्रामाणिकपणे कबूल केलं की नाही. अमेरिकन सिरस कंपनीचं एसआर-२२ हे चार-पाच आसनी विमान पाय बाहेर ठेवूनच ताशी सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास जातं. पायांवर गुळगुळीत खोळी घातल्या की अडथळा बराच कमी होतो. दुर्गम धावपट्ट्यांवर जाणारं सेस्ना कॅराव्हॅनही पाय बाहेर ठेवूनच उडतं. ज्यांना वेगाची खरी निकड नाही, त्यांच्यासाठी मामांचा सल्ला विमान बनवणाऱ्यांनीही बऱ्याच अंशी मानला आहे. या मुद्द्यावर मामा जिंकले, असं म्हणायला हरकत नाही.

फक्त पूर्ण नाही. बाहेरचं चाकही पडतं. सप्टेंबर २०१८ मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या बेव्हर्ली विमानतळावरून सतरा वर्षांची मॅगी टारास्का पहिल्यांदाच एकटी उडाली. विमान पाईपरचं, कायम बाहेर असलेल्या पायांचं. उडतानाच उजवं मुख्य चाक गळून पडलं आणि तिला ते मनोऱ्यातून कळलं. रेडिओवरून तिच्या शिक्षकाने धीर दिला आणि तिने विमान सुखरूप उतरवलं. इकडे ऑगस्ट २०२५ मध्ये बारामतीत उतरताना एका शिकाऊ विमानाच्या पुढच्या चाकाचं नुकसान होऊन ते बाजूच्या मातीत गेलं, वैमानिकाला इजा झाली नाही. शिकाऊ विमानांत पुढचं चाक सगळ्यांत जास्त मार खातं. उतरताना विमान उसळलं की नवशिका घाबरून नाक खाली दाबतो, मग ते पुन्हा उसळतं, आणि दोन-तीन उसळ्यांत सगळा भार त्या एका बारक्या पायावर येतो.

"आणि चाक खाली असलेलं केव्हाही बरं, असंही नाही हं मामा. पाण्यावर उतरणारं विमान चाकं बाहेर ठेवून पाण्यात टेकलं तर चाकं पाण्यात अडकून विमान पुढे कोलमडतं. तिथे चाकं आत पाहिजेत."

मामांनी हुपरीत समुद्र नसल्याचं निदर्शनाला आणून दिलं.

मग मामा पुन्हा मूळ पदावर आले. चाक पडतंच कसं? भाचीने नागपूरबद्दल तर्क करायला साफ नकार दिला. ज्या विमानाला हात लावला नाही, त्याविषयी ती बोलत नाही. पण चाक बसवतात कसं, हे तिने मामांच्या समोर, त्यांच्याच बाकावर हातवारे करून दाखवलं. आणि इतक्या सुट्ट्यांत पहिल्यांदाच मामा मध्ये न बोलता ऐकत राहिले.

विमान जॅकवर घ्यायचं. चाक उतरवलं की आतली बेअरिंगं काढायची, रॉकेलसारख्या द्रावणात धुवायची, उजेडात धरून एकेक रोलर पाहायचा. निळसर छटा दिसली तर ते तापलेलं आहे, खड्डा दिसला तर फेकून द्यायचं. नवं ग्रीस तळहातावर घ्यायचं आणि बेअरिंग त्यावर दाबत न्यायचं, रोलरच्या फटींतून पलीकडे ग्रीस बाहेर येईपर्यंत. नुसतं वरून फासलं तर आत कोरडं राहतं. मग चाक आसावर चढवून नट आवळायचा, पण चाक एका हाताने फिरवत फिरवत. चाक जड व्हायला लागलं की थांबायचं, पुस्तकात दिलं असेल तितकं सैल करायचं आणि नटाची खाच आसाच्या भोकासमोर आणायची. त्यात पिन घालून तिची टोकं वाकवायची. जास्त आवळला तर बेअरिंग तापून जळतं. सैल राहिला तर चाक हलतं, हलता हलता सगळं खातं. पिनच राहून गेली तर नट फिरत फिरत कधी निघेल, ते कुणालाच सांगता येत नाही.

"किती वेळ लागतो?"

"घाई नसली तर दुपार जाते."

"आणि घाई असली तर?"

यावर ती म्हणाली की कामाच्या प्रत्येक ओळीपुढे सही असते आणि परवाना क्रमांकही. काही नाजूक कामं दुसऱ्या माणसाने पुन्हा तपासायची असतात. ती सही झाल्याशिवाय विमान उडत नाही, आणि बिघाड झाला तर तपास करणारे आधी ती वही उघडतात. पाय आत-बाहेर होतात की नाही, ते विमान जॅकवर ठेवून बटण दाबून पाहतात. मुख्य यंत्रणा बंद करून आणीबाणीचा मार्गही चालतो का, हेही पाहतात. बीचच्या जुन्या बोनान्झात तो मार्ग म्हणजे सीटमागचा हँडल, पन्नासेक वेळा फिरवल्यावर पाय खाली येतात. सेस्नाच्या पाय आत घेणाऱ्या १७२ आरजीत हातपंप. अॅरोत दाब सोडून दिला की पाय स्वतःच्या वजनानेच पडतात.

मामांचं समाधान झालं नाही. त्यांच्या मते सही हा कागद आहे. लग्नसराईत रात्रभर जागून झाळ लावणाऱ्या कारागिराला ते सकाळी नव्या मालाला हात लावू देत नाहीत, आणि सही करणाऱ्याची झोप किती झाली होती, हे त्या वहीत कुठे लिहितात, असा त्यांचा सवाल होता. करोनाच्या त्या महिन्यांत एअर अॅम्ब्युलन्सना केवढी मागणी होती, हेही त्यांना आठवत होतं. भाची म्हणाली, वैमानिकांच्या ड्युटीच्या तासांना कडक मर्यादा आहेत. मामा म्हणाले, "मी वैमानिकाचं विचारलंच न्हाई." यावर ती काही बोलली नाही. लेखकालाही इथे मामांच्या विरुद्ध काही सुचत नाही. चाक पडल्यानंतरची शिस्त जगाने फार मेहनतीने घडवली, तिचं कौतुकही होतं. पिन वाकवणाऱ्या हाताची विचारपूस मात्र बिघाड झाल्यावरच होते.

शेवटी मामांनी व्यवहाराचं विचारलं. त्यांच्या चारचाकीला मागे कॅमेरा आहे, काही हजारांत बसला. मग विमानाच्या पोटाखाली का नाही?

"मोठ्या काही विमानांना आहेत. ए-३८० ला शेपटीवर आहे. बोइंगच्या ७७७-३०० ला चाकं दिसतील असे कॅमेरे आहेत, पण ते जमिनीवर वळताना चाक धावपट्टीच्या कडेला जाऊ नये म्हणून. छोट्या विमानात प्रत्येक नवीन वस्तू म्हणजे वजन, मंजुरी आणि बिघडणारी आणखी एक गोष्ट."

"म्हणजे काहीच न्हाई?"

"आहे. आरसा." पाईपरच्या सेनेकासारख्या दोन इंजिनांच्या काही विमानांत डाव्या इंजिनाच्या आवरणावर एक छोटा गोल आरसा बसवलेला असतो. वैमानिकाने मान वळवली की त्यात पुढचं चाक दिसतं. वायर नाही, बल्ब नाही, बटण नाही.

मामा खूश झाले. असली अक्कल त्यांना एकदम पटते. मग क्षणभर विचार करून त्यांनी विचारलं की त्यात मागची दोन चाकं दिसतात का. भाचीने सांगितलं, पुढचंच दिसतं. मागच्यांसाठी मनोऱ्याजवळून कमी उंचीवरून जायचं आणि दुर्बीण लावलेल्या माणसाला विचारायचं. तो सांगेल ते खरं धरायचं.

"आणि रात्री?"

ती उठली. तिची कोल्हापूरची गाडी सुटायची वेळ झाली होती, आणि मामांनी पुढच्या सुट्टीसाठी प्रश्न राखून ठेवला.